पाहुण्याचा पोशाख

ठाणे शहरातील एका शाळेत सातव्या इयत्तेत शिकणाऱ्या एका मुलाच्या हाती त्याच्या वर्गमित्राने मधल्या सुटीत एक निमंत्रणपत्रिका ठेवली. पत्रिकेचा एक भाग मराठीत छापलेला होता आणि दुसरा हिब्रू भाषेत, उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या चौकोनी अक्षरांत. मित्र बेने इस्रायल समाजातील होता. त्याला तेरा वर्षे पूर्ण होत होती. येत्या शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात, त्याचा 'बार मित्झ्वा' व्हावयाचा होता. मुलास, त्याच्या आईस आणि थोरल्या बहिणीस अगत्याचे बोलावणे होते.

मुलाला फार आनंद झाला; परंतु तो आनंद घरी पोहोचेपर्यंतच टिकला. पत्रिका वाचून आई म्हणाली, "जायलाच हवं. पण तुला घालायला काय आहे?" वडील ज्या कारखान्यात काम करीत, तो दोन महिन्यांपासून बंद होता. दिवाळीला शिवलेला सदरा आता खांद्यांत दाटत होता. त्यातच शेजारच्या एका मोठ्या मुलाने मोबाइलवर अमेरिकेतील बार मित्झ्वाची काही चित्रे दाखविली. त्यांत दिव्यांनी झगमगणारे दालन होते, आणि मुलांच्या अंगावर काळे कोट, गळ्यात टाय व पायांत चकचकीत बूट होते. ती चित्रे पाहून मुलगा गप्प झाला. आईने शेजारच्या काकूंकडून पैसे उसने घेण्याची गोष्ट काढली, तेव्हा तर त्याने मनाशी ठरवूनच टाकले. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने मित्राला सांगितले, "शनिवारी मला गावाला जायचं आहे. मला जमणार नाही."

मित्र काही बोलला नाही. त्याने फक्त मान हलविली.

बार मित्झ्वा हा नुसता वाढदिवस असता, तर त्या मान हलविण्याला फारसा अर्थ नव्हता. पण तो वाढदिवस नव्हे. 'मित्झ्वा' म्हणजे धर्माज्ञा आणि 'बार' म्हणजे पुत्र. धर्माज्ञा पाळण्यास जो बांधील झाला तो बार मित्झ्वा. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली, की धर्माच्या दृष्टीने ती प्रौढ समजली जातात. मुलीच्या समारंभास 'बात मित्झ्वा' असे म्हणतात. त्या दिवसापासून उपवास, प्रार्थना, खरे बोलणे, दिलेला शब्द पाळणे या सर्वांची जबाबदारी त्यांची स्वतःची असते. या प्रसंगी मुलाचा पिता एक छोटीशी प्रार्थना म्हणतो. या मुलाच्या चुकांचा भार आजवर माझ्यावर होता, त्यातून देवाने मला आज मोकळे केले, असा तिचा आशय आहे. ती ऐकताना लोक किंचित हसतात. पण ज्याच्याविषयी ती म्हटली जाते, त्याला हसू येत नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. ज्यू लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे निदान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. नऊ जण जमले आणि दहावा आला नाही, तर प्रार्थनेचे काही महत्त्वाचे भाग म्हणता येत नाहीत. तेरा वर्षांचा मुलगा या दहांत धरला जातो. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात या गणतीला विशेष महत्त्व आले आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक ज्यू होते. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यावर त्यांपैकी बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले आणि २०११ च्या जनगणनेत ही संख्या पाच हजारांच्याही आत आली. कोकणातील कित्येक गावांत सिनेगॉगची वास्तू उभी आहे, दिवा लावणारे एखादे कुटुंब आहे, पण दहा माणसे जमत नाहीत. अशा समाजात एक मुलगा तेरा वर्षांचा होतो, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी का येते, हे समजणे कठीण नाही.

बेने इस्रायल लोक मात्र येथलेच आहेत. त्यांची परंपरागत कथा अशी, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातील गावोगावी पसरले. ते तेलाचे घाणे चालवीत. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. दिवे गावचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर अशी त्यांची आडनावे झाली. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांनी मराठीतून आपल्या धर्मकथांची कीर्तने रचिली आणि म्हटली. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. ठाण्यातील 'शार हाशामायिम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार' हे सिनेगॉग १८७९ सालचे आहे.

त्या शब्बाथपूर्वीच्या बुधवारी सायंकाळी मुलगा मित्राची वही परत देण्यास त्याच्या घरी गेला. दारावर उजव्या बाजूस एक लहानशी तिरपी नळी खिळ्यांनी बसविलेली होती. तिला 'मेझुझा' म्हणतात व तिच्यात धर्मग्रंथातील वचने लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो. आतून गाण्यासारखा स्वर येत होता. मित्र एका कागदावरून मोठ्याने वाचन करीत होता, अडखळत होता आणि पुन्हा आरंभापासून सुरू करीत होता. त्याची आजी खाटेवर बसून ऐकत होती.

"गेले सहा महिने हेच चाललंय," आजी म्हणाल्या. "ये बाळा, बस. शनिवारी येतोयस ना?"

मुलाने गावाला जाण्याची सबब पुन्हा सांगितली. सांगताना त्याची नजर स्वतःच्या सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाकडे गेली. आजींचीही गेली. त्यांनी आणखी काही विचारले नाही. नातवाला पाणी आणावयास आत पाठविले आणि एक जुनी कथा सांगितली.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते त्या काळची ती कथा आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात ती नमूद आहे. हिब्रू पंचांगातील आव महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेरुसलेममधील मुली द्राक्षांच्या मळ्यांत जाऊन फेर धरीत असत. त्या दिवशी सर्व मुलींनी शुभ्र वस्त्रे नेसावयाची असत. मात्र ती स्वतःची नव्हे, दुसरीकडून उसनी आणलेली असली पाहिजेत, असा दंडक होता. पुढे 'तालमूद' या ग्रंथात याचे सविस्तर वर्णन आले आहे. राजाच्या मुलीने प्रमुख धर्मगुरूच्या मुलीकडून वस्त्र मागून आणावे, तिने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या मुलीकडून आणावे आणि अशा रीतीने सर्वांनी एकमेकींकडून घ्यावे. घेतलेले प्रत्येक वस्त्र आधी पाण्यात बुडवून शुद्ध करावे लागे. हे सर्व कशासाठी? तर जिच्याजवळ चांगले वस्त्र नाही, तिला लाजेने मान खाली घालावी लागू नये म्हणून. राजकन्येचेच वस्त्र उसने असल्यावर कोणाचे वस्त्र कोणाचे, हे कोण पाहणार?

"तेव्हा," आजी म्हणाल्या, "कपड्यांसाठी कोणी आमच्याकडे यायचं टाळलं, तर चूक आमच्या बोलावण्याची. तुझा शाळेचा पांढरा सदरा आहे ना? तो धुऊन घाल. आणि लांब विजार."

मुलाची सबब तेथेच गळून पडली. मग त्याने अगदी मोकळेपणाने एकेक शंका विचारली आणि आजींनी तिचे निरसन केले. त्यांनी जे सांगितले ते ठाण्यातच नव्हे, तर जगात कोठेही सिनेगॉगमध्ये पाहुणा म्हणून जाणाऱ्यास उपयोगी पडेल असे आहे.

पहिली गोष्ट डोक्याची. चर्चमध्ये शिरताना पुरुष टोपी काढतो. गुरुद्वारात शिरताना डोके झाकतो. देवळात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवतो. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी व मुलांनी डोके झाकावयाचे असते, मग ते ज्यू असोत वा नसोत. यासाठी लहान वाटीसारखी गोल टोपी वापरतात. तिला 'किप्पा' असे म्हणतात. पाहुण्याने ती विकत घेण्याची आवश्यकता नाही. दाराशी टोपल्यांत किंवा पेटीत अशा टोप्या ठेवलेल्या असतात. त्यांतील एक उचलावी व परत जाताना पुन्हा तेथे ठेवावी. साधी गांधी टोपी किंवा इतर कोणतीही स्वच्छ टोपी असली तरी चालते. डोके का झाकावयाचे, याविषयी तालमूदमध्ये एका आईची हकिकत आहे. आपला मुलगा वाईट मार्गास लागेल अशी भीती तिला घातली गेली होती. म्हणून ती त्याला नेहमी सांगे, की डोके झाकून ठेव, म्हणजे वर देव आहे याचा धाक तुझ्या मनात राहील. तो मुलगा पुढे मोठा विद्वान झाला.

पादत्राणांविषयी मराठी मुलांचा हमखास घोटाळा होतो. सवयीने ती चपला काढू लागतात. सिनेगॉगमध्ये सामान्यतः त्या काढाव्या लागत नाहीत. मग त्या स्वच्छ व नीटनेटक्या असल्या म्हणजे झाले. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मात्र अनवाणी जावे लागते. ते १५६८ साली बांधलेले असून त्याची जमीन चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या चित्रित फरश्यांची आहे. नियम विचारून घ्यावा हे बरे. दाराशी इतर माणसे काय करतात ते पाहिले, तरी बहुतेक शंका फिटतात.

बहिणीसाठी आजींनी सांगितले ते असे, की बाह्या कोपरापर्यंत याव्यात, गुडघे झाकले जावेत आणि कपडा अंगास फार घट्ट अथवा पारदर्शक नसावा. सनातनी पद्धतीच्या सिनेगॉगमध्ये मुली व स्त्रिया विजारीऐवजी घागरा, झगा किंवा साडी पसंत करतात. आईने नेहमीची साडी नेसून यावे, डोक्यावर पदर घेतला की पुरे. कारण तेथे विवाहित स्त्रिया डोके झाकतात आणि बेने इस्रायल स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पदरानेच ते झाकीत आल्या आहेत. कुंकू पुसावयास नको, बांगड्या काढावयास नकोत. "पाहुण्याने पाहुणा म्हणूनच यावं," हे आजींचे शब्द.

या शब्दांचा अर्थ दुसऱ्या एका बाबतीत फार स्पष्ट दिसतो. प्रार्थनेच्या वेळी ज्यू पुरुष खांद्यांवर एक शाल घेतात. तिला 'तल्लेथ' म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्यांचे गाठी मारलेले गोंडे असतात. ते पाहून देवाच्या आज्ञांचे स्मरण व्हावे, असे त्यांच्या धर्मग्रंथात सांगितले आहे. ही शाल दाराजवळ टांगलेली दिसली, म्हणून पाहुण्याने ती अंगावर घेऊ नये. टोपी हा त्या स्थळाचा मान आहे, तर शाल ही आज्ञा स्वीकारल्याची खूण आहे. मुंजीला गेलेला पाहुणा बटूचे कौतुक करतो, पण स्वतः गळ्यात जानवे घालीत नाही, तसेच हे आहे.

रंगाचे बंधन नाही. आपल्याकडे मंगल कार्यात काळा रंग काही लोक टाळतात. युरोप-अमेरिकेतील ज्यू लोक मात्र अशा समारंभास काळे किंवा गडद निळे कोट आवर्जून घालतात. उलट इस्रायलमध्ये उघड्या गळ्याचा स्वच्छ पांढरा सदरा हा चांगला पोशाख समजला जातो आणि टाय न लावता आलेल्या पाहुण्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मोबाइलवरील चित्रांतला झगमगाट हा बहुधा रात्रीच्या मेजवानीचा असतो, सकाळच्या प्रार्थनेचा नव्हे. अमेरिकेत या दोन प्रसंगांचे कपडे वेगळे असतात व मेजवानीचा पोशाख कोणता, हे पत्रिकेवरच छापलेले असते. श्रीमंतीच्या या प्रदर्शनाला खुद्द ज्यू समाजानेही वेळोवेळी आवर घातला आहे. इटलीतील फोर्ली या गावी १४१८ साली तेथील ज्यू समाजांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी भारी वस्त्रे, दागिने आणि मेजवानीतील पाहुण्यांची संख्या यांवर मर्यादा घातल्या. शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये आणि गरिबाला ओढाताण होऊ नये, हे त्यामागचे कारण.

सर्वच सिनेगॉगांतील रीत एकसारखी नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. सनातनी सिनेगॉगमध्ये स्त्री-पुरुष वेगळे बसतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुरू झालेल्या सुधारणावादी पंथाच्या सिनेगॉगांत आज ते एकत्र बसतात आणि अनेक स्त्रियाही किप्पा व तल्लेथ धारण करतात. अमेरिकेत पहिला सार्वजनिक बात मित्झ्वा १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्क येथे ज्यूडिथ कॅप्लन या मुलीचा झाला, असे मानले जाते. आज अशा समारंभात मुलगी स्वतः धर्मग्रंथाचे वाचन करताना अनेक देशांत दिसते. म्हणून पाहुण्याने यजमानास आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. बिनविचारे जाण्यात मात्र असू शकतो.

शेवटची सूचना खिशांविषयी होती आणि मुलाला तीच सर्वांत चमत्कारिक वाटली. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास 'शब्बाथ' सुरू होतो व शनिवारी रात्री तारे दिसू लागले म्हणजे संपतो. या विश्रांतीच्या दिवशी धर्मनिष्ठ ज्यू लिहीत नाहीत, पैशाला हात लावीत नाहीत, विस्तव पेटवीत नाहीत, यंत्रे चालवीत नाहीत. साहजिकच सकाळच्या प्रार्थनेला जाताना पाहुण्याने आहेराचे पाकीट नेऊ नये, छायाचित्रे काढू नयेत आणि मोबाइल बंद ठेवावा. आहेर रात्री घरी द्यावा. आपल्याकडे शंभराला एक जोडून एकशे एक देतात. त्यांच्याकडे अठराच्या पटीत देण्याची रीत आहे. हिब्रू भाषेत प्रत्येक अक्षराला अंकाचे मूल्य असते. 'जीवन' या अर्थाच्या 'खाय' या शब्दातील दोन अक्षरांचे मूल्य आठ आणि दहा, मिळून अठरा होते.

घरी येऊन मुलाने सारे सांगितले. उसने पैसे घेण्याची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. आईने शाळेचा सदरा नीळ घालून धुतला व त्याला बटण लावले. विजार आखूड झाली होती. तिच्या तळाची दुमड उसवून तिने ती दोन बोटे लांब केली. उसवलेल्या जागी गडद निळा पट्टा दिसत होता. पण तो न्याहाळून पाहिल्याशिवाय कळण्यासारखा नव्हता.

शनिवारी सकाळी तिघे सिनेगॉगच्या दाराशी पोहोचले. टोपलीतील पहिलीच टोपी मुलाच्या डोक्यावर नीट बसेना. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती थोडी मागे सरकवून दिली व काही न बोलता ते आत गेले. आई आणि बहीण स्त्रियांच्या बाजूला जाऊन बसल्या. मुलाने इकडेतिकडे पाहिले. कोणाच्या अंगावर कोट होता, कोणाच्या अंगावर साधा सदरा. त्याच्या विजारीकडे कोणाचेही लक्ष नव्हते. सर्वांचे लक्ष समोरच्या कपाटाकडे होते.

कपाट उघडले, तसे सगळे उठून उभे राहिले. मुलगाही उभा राहिला. आत 'सेफेर तोरा' होता. हा धर्मग्रंथ पुस्तकासारखा बांधलेला नसून चर्मपत्रावर हाताने लिहिलेली एक लांब गुंडाळी असते. युरोपात या गुंडाळीला मखमलीचा अंगरखा घालतात, कमरपट्टा बांधतात आणि वर चांदीचे अलंकार चढवितात. भारतातील सिनेगॉगांत ती बहुधा लाकडाच्या किंवा धातूच्या सुशोभित डब्यात उभी ठेवलेली असते आणि तशी उभी ठेवूनच वाचतात. माणसांच्या पोशाखाची एवढी चर्चा झाल्यावर, त्या मंदिरात सर्वांत उंची पोशाख ग्रंथाचा असतो हे पाहून मुलाला गंमत वाटली.

मित्राला नावाने पुकारण्यात आले. पांढऱ्या सदऱ्यावर नवी तल्लेथ घेऊन तो पुढे झाला. ती त्याला थोडी मोठी होत होती आणि एका खांद्यावरून घसरत होती. हातात त्याने चांदीची काडी घेतली. तिच्या टोकाला बोट पुढे केलेला इवलासा हात असतो; कारण वाचताना चर्मपत्राला बोट लावावयाचे नसते. मित्राने वाचन सुरू केले.

हे वाचन किती अवघड असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. तोराच्या गुंडाळीत केवळ व्यंजने लिहिलेली असतात. स्वरांच्या खुणा नसतात, विरामचिन्हे नसतात, कोणता शब्द कोणत्या सुरात म्हणावयाचा त्याचीही खूण नसते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार सारे पुसून टाकले आणि 'मल' एवढीच दोन अक्षरे ठेवली, तर ते मूल आहे, माल आहे, की मोल आहे, हे ज्याचे त्याने ओळखावयाचे. तशा ओळींमागून ओळी मित्राला सर्वांसमक्ष आणि ठरलेल्या सुरात म्हणावयाच्या होत्या. शिवाय वाचनात एक शब्द जरी चुकला, तरी ऐकणाऱ्यांनी तो तेथल्या तेथे दुरुस्त करावा, अशी रीत आहे.

मधल्या एका ओळीत तो चुकलाच. दोन-तीन बाजूंनी एकदम योग्य उच्चार ऐकू आला. पाहुण्या मुलाचा श्वास अडकला. वर्गात अशा वेळी काय होते, हे त्याला ठाऊक होते. येथे कोणी हसले नाही. प्रार्थना चालविणाऱ्या हज्जानांनी तो शब्द हळूच पुन्हा उच्चारला. मित्राने घसरलेली शाल खांद्यावर ओढून घेतली, काडी शब्दाच्या आरंभी नेली आणि तो भाग पुन्हा वाचला. नंतर तो थांबला नाही.

वाचन संपताच "माझल तोव! माझल तोव!" असा गजर झाला. 'तुझे भाग्य उजळो' अशा अर्थाचे हे अभिनंदन आहे. पाठोपाठ चारी बाजूंनी मऊ गोळ्यांचा वर्षाव झाला व लहान मुले त्या वेचण्यासाठी बाकांखाली शिरली. गोळ्या मऊ का घेतात, हे ज्याच्यावर त्या फेकल्या जातात त्यालाच उत्तम कळते! नंतर अंगणात काळ्या मनुकांचे सरबत मिळाले. आजी खुर्चीवर बसून सर्वांचे अभिनंदन स्वीकारीत होत्या. मुलाला पाहून त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "आला होतास. बरं झालं."

तारे दिसू लागल्यावर रात्री घरी मलिदा झाला. पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचे ताट मांडून पैगंबर एलिया यांचे स्मरण करण्याची ही प्रथा बेने इस्रायल समाजाची खास आहे. आहेर म्हणून मुलाने मित्राला एक शाईचे पेन दिले. त्या वेळी शब्बाथ संपला असल्याने मित्राने लागलीच त्याने आपले नाव लिहून पाहिले, एकदा मराठीत आणि एकदा हिब्रूत.

घरी परतल्यावर बहीण एकाएकी हसू लागली. सकाळची टोपी अजून मुलाच्या डोक्यावरच होती. दिवसभर कोणी त्याला ती काढावयास सांगितले नव्हते व त्यालाही तिचा विसर पडला होता. ती परत करण्यासाठी त्याने ती दप्तरात नीट ठेवली.

सोमवारी मित्र शाळेत थोडा उशिरा आला. मुलाने टोपी त्याच्या हाती दिली. ती घेण्यासाठी मित्राने डावा हात पुढे केला, तेव्हा त्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, लालसर वळ उमटलेले दिसले.

"काय लागलं?" मुलाने घाबरून विचारले.

मित्राने बाही खाली ओढली नाही. 'तेफिलीन' म्हणजे धर्मवचने आत ठेवलेल्या चामड्याच्या दोन काळ्या डब्या. एक कपाळावर आणि एक दंडावर अशा त्या पट्ट्यांनी बांधून प्रौढ पुरुष सकाळची प्रार्थना म्हणतात. शब्बाथच्या दिवशी त्या बांधीत नाहीत. म्हणून शनिवारी त्या कोणाच्या हातावर दिसल्या नव्हत्या. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये नऊ माणसे जमली होती. मित्राला बोलावणे आले आणि तो धावत गेला. पट्टा सात वेळा हाताभोवती गुंडाळतात, आणि नवशिक्याच्या हातून तो थोडा घट्ट बसतो.

मुलाने ते वळ एकेक करून मोजले. ते बरोबर सात होते.